पाणी फिरायच्या आत

पहाटे ४:५०

गजर पाचचा असतो, पण त्याआधी बाबांच्या खोकल्यानं जाग येते. होडीवर जाणं सोडून त्यांना सहा वर्षं झाली, उठायची वेळ तीच राहिली. आज कार्तिक वद्य तृतीया. आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवर चालतं. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास सुकती. पौर्णिमा नुकतीच गेल्यामुळे पाणी उधाणाचं, त्यामुळे सुकतीही चांगलीच खोल. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच सकाळी रखडणार, आणि लाँच रखडली की माझ्या दुकानात गिऱ्हाईक उशिरा येणार.

खेळायला तास-दीड तास मिळाला.

५:१०

खेळ म्हणजे व्हॅलहाइम. स्वीडनमधल्या आयर्न गेट नावाच्या लहानशा स्टुडिओनं २ फेब्रुवारी २०२१ला तो बाजारात आणला, तोही अर्धवट अवस्थेत, आणि महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. आपण मेलेले व्हायकिंग योद्धे. अंगावर चिंध्या, हात रिकामे. लाकूड गोळा करा, दगड गोळा करा, हत्यार बनवा, छप्पर घाला, पोट भरा आणि जिवंत राहा. दहाजणांना मिळून खेळता येतो. मी एकटा खेळतो. मित्र पनवेल-मुंबईला नोकऱ्यांवर, त्यांच्या सुट्ट्या वेगळ्या, आणि आमच्या रेवसचं नेट म्हणजे वाऱ्यावरची वरात. एकट्यानं खेळायला नेट लागत नाही. जग आपल्याच लॅपटॉपवर साठतं.

काल रात्री दीड वाजता मी दलदलीत मेलो. कसा मेलो ते नीट सांगतो, कारण एकट्यानं खेळणारे बहुतेक असेच मरतात.

दलदलीत खचलेली भुयारं असतात. आत चिखलानं माखलेले ढिगारे. कुदळीनं फोडले की लोखंडाचे तुकडे निघतात. एकेका तुकड्याचं वजन १०, आणि सुरुवातीला अंगावर ३०० पर्यंतच पेलतं. मी २९०वर होतो. निघायचं सोडून समोरचा आणखी एक ढिगारा फोडला. दोन तुकडे निघाले, भार ३१० झाला. भार वाढला की योद्ध्याला पळता येत नाही, नुसतं चाललं तरी दम संपत जातो. भुयाराच्या दारातून बाहेर आलो तर काळोख, पाऊस आणि पलीकडच्या उंचवट्यावर धनुष्य घेतलेला ड्रॉगर, म्हणजे तिथलं चालतंबोलतं मढं. ढाल उचलली, पण वार अडवायलाही दम लागतो आणि तो चालण्यातच संपला होता. मागे सरलो तो पाण्यात पडलो, पाण्यात जळवा. दोन तुकडे जमिनीवर टाकून दिले असते तर वाचलो असतो. एक बटण.

सोबत कुणी असतं तर त्यानं ड्रॉगरला अंगावर घेतलं असतं आणि मी सुटलो असतो. एकट्याची चूक निस्तरायला दुसरं माणूस नसतं. म्हणून एकट्यानं तलवार कोणती नि चिलखत कोणतं हे नंतर बघावं, आधी परतीची वाट बघावी. मित्र असतील तर भुयारात शिरा आणि मग ठरवा. एकटे असाल तर दाराबाहेर उभे राहून ठरवा: किती तुकडे घेणार, किती उजेड शिल्लक असताना निघणार.

६:००

खेळात मेलं की अंगावरचं सगळं मेलेल्या जागी थडग्यात राहतं आणि आपण घरच्या बिछान्यावर उघडेबोडके जागे होतो. आजवरच्या कौशल्यातूनही थोडं कापलं जातं. थडगं मात्र नाहीसं होत नाही. नकाशावर कवटीची खूण असते आणि माल वाट बघत पडून असतो.

घाई झालेला गडी तसाच उघडा धावत सुटतो. वाटेत पुन्हा मरतो आणि आता दोन थडगी होतात. मीही सुरुवातीला हे इतक्या वेळा केलंय की एकदा पाच कवट्या एका ओळीत होत्या. आता घरात एक पेटी वेगळी ठेवतो: ट्रोलच्या कातड्याचा जुना संच, लाकडी धनुष्य, गदा, ढाल आणि खायला तीन वस्तू. पेटीला नाव दिलंय ‘मेल्यावर’. तिला एरवी हात लावायचा नाही.

आज सकाळी फक्त तयारी केली. विषावरचं मद्य संपलं होतं, त्यासाठी मध, थिसल, कोळसा आणि नेक नावाच्या पाणसरड्याची शेपटी लागते. शेपट्या नव्हत्या. ओढ्याकाठी तीन नेक मारले. दलदलीतले ब्लॉब नावाचे गोळे विषाचा ढग सोडतात, आणि एकट्याला विष चढलं की लढायचं का पळायचं हे ठरवायलाही फुरसत मिळत नाही. मद्य आंबायला लावलं आणि लॅपटॉप मिटला.

७:००

“काय र, मेलास ना रातचा?” बाबांनी दारातूनच विचारलं. “शिव्या आयकल्या मी.”

ते चिंबोऱ्यांना निघाले होते. होडी विकली तरी सुकतीला चिखलात उतरणं सुटलेलं नाही. मीही गेलो. खाडीचा चिखल गुडघ्याच्या वर येतो. त्यात पाय सरळ उपसायला गेलं की चप्पल जाते, जास्त जोर केला तर तोलही जातो. आधी टाच फिरवून पायाभोवती हवा शिरू द्यायची, मग उचलायचा.

चिंबोरी धरायची बाबांची रीत मी लहानपणापासून बघतोय, पण तिचा उपयोग मला खेळात कळला. बिळाच्या तोंडाशी चिंबोरी दिसली की ते हात घालत नाहीत. काठी पुढे करतात. ती नांग्या पसरून उभी राहते, काठी जवळ येऊ देते आणि खाडकन धरते. त्याच क्षणी बाबांचा दुसरा हात मागून जातो, अंगठा पाठीवर, बोटं पोटाखाली. दोन्ही नांग्या काठीत गुंतलेल्या. आधी गेला असता तर बोट गेलं असतं, उशिरा गेला असता तर तिनं काठी सोडली असती. मग सुतळीचे दोन वेढे, गाठ, आणि चिंबोरी टोपलीत.

व्हॅलहाइममध्ये ढालीचं हेच आहे. ढाल सतत उचलून धरायची नसते. शत्रूचा हात सुटला की अगदी त्या वेळी उचलायची. नेमकी वेळ साधली तर तो हेलपाटतो, आणि हेलपाटलेल्यावर केलेला वार दुप्पट लागतो. याला खेळाडू पॅरी म्हणतात. त्यासाठी लहान गोल ढाल, म्हणजे बकलर, सगळ्यात चांगली. माणसाएवढ्या उंच ढालीला पॅरी जमतच नाही. नवखे उंच ढाल घेतात, कारण ती सुरक्षित वाटते. घोळका असेल तर तिचा उपयोग आहे. पण एकट्यानं घोळक्याशी मुळात लढूच नये. मागे सरत सरत एकेकाला बाजूला ओढावं, दाराच्या चौकटीत किंवा दोन झाडांच्या मध्ये उभं राहावं, म्हणजे समोर एका वेळी एकच येतो. आणि दमाची पट्टी एक तृतीयांशाच्या खाली गेली की वार थांबवावा. तो उरलेला दम पळण्यासाठी असतो.

सव्वाआठला बाबा टोपली उचलून निघाले. समोर, दहा पावलांवर, बिळात एक मोठा नर होता. मला दिसला, त्यांनाही दिसला.

“पानी फिरायच्या आत भायेर याचं,” ते म्हणाले. “चिंबोरी उद्याबी हाय.”

८:४०

धक्क्यावर लाँच लांब पाण्यात थांबलेली. खाली नुसता चिखल, त्यात निवट्या उड्या मारतायत. चाकरमानी घड्याळं बघतायत. करंज्याचा किनारा समोर इतका जवळ की पलीकडच्या इमारती मोजता याव्यात, आणि रेवस-करंजा पुलाचा विषय निघाल्याशिवाय अशी सकाळ जात नाही. पूल होणार हे मी जन्मल्यापासून ऐकतोय. त्यावर आज जास्त लिहीत नाही.

बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांत ‘रामदास’चा विषय निघाला. पाणी सुकलं आणि लाँच अडली की तो निघतोच. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आगबोट, आषाढ अमावास्येच्या सणासाठी गावी येणारी माणसं, वाटेत काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापाण्यात बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांत माणसं ओढून घेतली. जे वाचले त्यांतले बरेच असे वाचले. आमच्या भागात असं जुनं घर विरळा, ज्यात या बोटीवरचं कुणी नव्हतं.

खेळातल्या मरणाची गंमत मी सकाळीच लिहिली. धक्क्यावर बसून ती पुन्हा वाचली तेव्हा कानकोंडं झालं. खोडत मात्र नाही.

९:३० ते १२:३०

दुकान उघडलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅन कार्ड, आणि हल्ली सगळ्यात जास्त सातबारा. सागरी महामार्गाची बातमी आली की सातबाऱ्याची गर्दी वाढते. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांना निघतो, वर माझी प्रिंट. चुलत्या-पुतण्यांची नावं एकाच उताऱ्यावर आणि बोलणं बंद, म्हणून दोघं वेगवेगळ्या वेळी येऊन तोच कागद घेऊन जातात.

अकराला भाचा आला. शाळेला सुट्टी, वय दहा. तो फोनवर माइनक्राफ्ट खेळतो.

“मामा, माझे हिरे गेले.”

“कसे गेले?”

“खाली खणत होतो. सरळ. लाव्हात पडलो.”

माइनक्राफ्टचा पहिला नियम: पायाखाली सरळ खणायचं नाही. जिना करत उतरायचं, म्हणजे परतताना तोच जिना चढता येतो. जवळ पाण्याची बादली ठेवायची. तिथं मेल्यावर पडलेल्या वस्तू, आपण त्या भागात असलो तर, पाच मिनिटांत नाहीशा होतात. व्हॅलहाइमसारखं थडगं नाही. लाव्हात पडल्या तर पाच मिनिटंही नाहीत, तिथल्या तिथे जळतात.

त्याला कागदावर लिहून दिलं: सहा फळ्या आणि एक लोखंडाची वीट म्हणजे ढाल. लोखंड सापडलं की पहिली ढाल करायची, तलवार नंतर, कारण हिरवा क्रीपर आवाज न करता मागे येऊन फुटतो आणि त्याच्याकडे तोंड करून धरलेली ढाल तो स्फोटही अडवते. तीन लोकर, तीन फळ्या म्हणजे बिछाना. रात्र झाली की झोपायचं, शौर्य नको. गुहेत शिरताना मशाली एकाच बाजूला लावत जायचं, उजवीकडे, म्हणजे परतताना त्या डावीकडे आल्या पाहिजेत. शिवाय मशालीच्या उजेडात राक्षस जन्मत नाहीत.

“आणि हिरे?” त्यानं विचारलं.

“हिरे मिळाले की आधी घरी. पेटीत ठेवायचे. मग पुन्हा जायचं.”

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मलाही दहाव्या वर्षी पटलं नसतं. चौतिसाव्या वर्षी काल रात्री कुठं पटलं होतं?

१२:४५

तांदळाची भाकरी, चिंबोरीचं कालवण, कांदा. खेळातही जेवणाचे तीनच कप्पे असतात आणि तीन वेगवेगळे पदार्थ खावे लागतात, एकच दोनदा चालत नाही. काही जीव वाढवतात, काही दम. दलदलीत मी दोन जिवाचे आणि एक दमाचा खातो. लांब पळायचं असेल तर उलट. उपाशीपोटी योद्ध्याला जीव २५, दोन फटक्यांत खेळ खलास. निम्मे लोक अन्न वाचवायच्या नादात मरतात. अन्न खाण्यासाठी असतं, पेटीत सडवण्यासाठी नाही. खरं तर त्या खेळात ते सडतही नाही, त्यामुळेच लोक साठवतात.

जेवणानंतर दुकानाचं शटर अर्धं खाली. दोन तास गिऱ्हाईक नसतं.

२:१५

पूर्ण भरती. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी चढलेलं. लॅपटॉप उघडला.

‘मेल्यावर’ पेटीतला संच अंगावर चढवला. तीन पदार्थ खाल्ले. घरात शेकोटीजवळ बसलो. छप्पर आणि विस्तव असेल तर काही सेकंदांत ताजंतवानं झाल्याची खूण येते, आणि तेवढा वेळ दम दुप्पट वेगानं भरतो. घर जितकं सजवलेलं तितका हा काळ लांबतो. साधं खोपट असेल तर कमी मिळतो. हे न घेता बाहेर पडणं म्हणजे लाँच सुटायच्या वेळी तिकीट घरी विसरणं.

पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दुसऱ्या जागी नेणाऱ्या दारातून, दलदलीच्या काठावरच्या झोपडीत आलो. ही झोपडी मी पहिल्याच दिवशी बांधली होती, टोकदार कुडाच्या आत. एकट्यानं नव्या प्रदेशात पाऊल टाकलं की लढाईआधी हे करावं. आत एक कामाचं बाकडं ठेवलं की त्याच्या आसपास शत्रू उगवत नाहीत.

झोपडीपासून भुयारापर्यंत मध्ये पाणी आणि पाण्यात जळवा. इथं माझं खरं हत्यार तलवार नाही, खोरं आहे. दगड खर्चून खोऱ्यानं जमीन वर उचलता येते. मागच्या आठवड्यात मी झोपडीपासून निम्म्या वाटेपर्यंत बांध घातला होता. आजोबा खारबांधावर मजुरीला जात, मातीचे गोळे हातोहात पुढे देत, भरती यायच्या आत. बांध फुटला तर खारं पाणी शेतात, दोन वर्षं भात नाही. दलदलीत बांधावरून चाललं की पाय कोरडे राहतात, जळवा खाली राहतात आणि वरून एकेक बाण मारून त्यांना निवांत संपवता येतं. उरलेली निम्मी वाट आज बांधून काढली. वीस मिनिटं गेली. कंटाळवाणं काम आहे. ते काल केलं असतं तर आजचा दिवस लिहायला दुसरं काही शोधावं लागलं असतं.

वाटेत दोन सांगाडे. सांगाड्यावर बाण वाया जातो, हाडांतून आरपार जातो म्हणा. त्याला गदा. ब्लॉबलाही गदाच. म्हणून दलदलीत जाताना तलवारीची ऐट नको. कालच्याच जागी एक ड्रॉगर उभा. वाकून, आवाज न करता, त्याच्या पाठीमागून बाण मारला. बेसावध शत्रूला धनुष्याचा बाण तिप्पट लागतो. तरी तो मेला नाही, वळला, धावत आला. ढाल खाली ठेवली. त्याचा हात वर गेला. मी थांबलो. हात खाली येऊ लागला तेव्हा ढाल उचलली.

टण्ण.

तो हेलपाटला. गदेचे तीन फटके.

थडग्याशी पोचलो आणि शटरवर थाप पडली. “आहेस का रे? रेशन कार्डाचा फॉर्म भरायचाय.”

एकट्यानं खेळण्याचा एक फायदा: मेनू उघडला की खेळ थांबतो. ही सोय पहिल्या वर्षी नव्हती. त्या वर्षी मी एका सातबाऱ्यापायी ट्रोलच्या हातून मेलोय. आज व्हायकिंग थडग्यावर हात ठेवून थिजून उभा राहिला आणि मी आधार क्रमांक टाइप केले.

परत आलो. थडगं उचलताना एक युक्ती आहे. अंगावरच्या कप्प्यांत पुरेशी जागा असेल तर सगळा माल एका फटक्यात येतो. नसेल तर पेटीसारखं उघडतं आणि एकेक वस्तू निवडत बसावं लागतं, शत्रूच्या तोंडासमोर. म्हणून जाताना रिकामं जायचं. माल उचलला की जवळजवळ मिनिटभर अंगात जास्तीचं बळ येतं. ते बळ घरी पळण्यासाठी आहे. त्या बळावर आणखी एक भुयार बघून येऊ असं मलाही वाटलं. दोन तुकडे तिथेच टाकले आणि बांधावरून पळालो.

५:०० ते ८:००

लाँचची गर्दी. छत्री, पिशव्या, लहान मुलं, कोंबड्या. लिहिण्यासारखं काही नाही. साडेसहाला वीज गेली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस अंधारात काढल्यावर इन्व्हर्टर घेतला, तेव्हापासून दुकान बंद पडत नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांना एक सांगणं: वीज जाईल असं वाटलं की खेळातून रीतसर बाहेर पडा, जग तेव्हा साठतं. आणि महिन्यातून एकदा त्या जगाची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. माझं पहिलं जग, शंभर दिवसांचं, असंच गेलं. त्याला थडगंही नव्हतं.

९:१५

लोखंड पोर्टलमधून जात नाही. हा नियम खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलाय आणि लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. नियम बंद करायची सोयही आता दिलेली आहे. मी बंद केलेला नाही. माल होडीनं न्यायचा असेल तरच तो माल वाटतो, असं माझं मत. धक्क्यावर वाढलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार?

कार्व्ह नावाची लहान होडी, मालाला फक्त चार कप्पे. रात्रीची वेळ, उघडा दर्या आणि त्यात अजस्र सर्प. रात्री नि वादळात ते जास्त निघतात. म्हणून आधी झोपडीत झोपलो, खेळातली रात्र जाऊ दिली. सकाळी वारा बघितला तर थेट तोंडावर. शीड पाडून वल्ह्यावर निघालं तर दुप्पट वेळ. बाबा मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नव्हतं.

“वारा फिरूदे,” ते म्हणाले. “घाई हाय का तुला?”

घाई नव्हती. वाऱ्याची वाट बघत मी किनाऱ्यावर मशरूम गोळा केली. बाबा पाच मिनिटं उभे राहिले आणि वारा फिरल्याचं पडद्यावरच्या बाणाआधी त्यांनी शेकोटीच्या धुरावरून सांगितलं. शीड उभारलं, किनारा धरून निघालो. उघड्या दर्यातून वाट निम्मी झाली असती.

१०:५०

होडी घराच्या धक्क्याला लागली. अठरा तुकडे भट्टीत घातले. अठराच, वीस नाही. त्यातून लोखंडी गदा होते का ते उद्या बघतो, लोखंडच कमी पडेल असं वाटतंय.

‘मेल्यावर’ पेटीत कातड्याचा संच परत ठेवला, त्यात नवं खाणं घातलं, विषावरच्या मद्याच्या तीन बाटल्या ठेवल्या. खेळातून बाहेर पडलो.

उद्या संकष्टी. घरात मासळी नाही. भरती तीनला, सुकती सव्वानऊला, दुकान दहाला उघडेल.